नामनिर्देशन नसलेल्या कामगाराची पेन्शन आणि फंड: एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातील चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातील प्रेस शॉपमधल्या कायम कामगाराचे आहे. व्यक्तींची नावे, गाव आणि कारखान्याची ओळख वगळली असून रकमा ढोबळ करून दिल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, या कामगाराचे राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. मागे पत्नी, २१ वर्षांचा शिकत असलेला मुलगा, १५ वर्षांची मुलगी आणि सातारा जिल्ह्यातील मूळ गावी धाकट्या मुलाजवळ राहणारी सत्तरीची आई, असे कुटुंब होते. वडील पूर्वीच वारले होते.

त्याची नोकरी दोन टप्प्यांत झाली होती. १९९८ मध्ये, लग्नाच्या दोन वर्षे आधी, तो पिंपरीतील एका कारखान्यात लागला आणि २०११ च्या सुरुवातीपर्यंत तेथेच होता. तो कारखाना पुढे बंद पडला. जून २०११ पासून मृत्यूपर्यंत तो चाकणच्या कारखान्यात होता. दोन्ही ठिकाणी त्याचा भविष्य निर्वाह निधी, म्हणजे कामगारांच्या भाषेत फंड, नियमित कापला गेला होता आणि पेन्शन योजनेची वर्गणीही भरली गेली होती. मात्र पहिल्या कारखान्याचे खाते दुसऱ्या खात्यात कधीच वर्ग झाले नाही. कामगारांना कायमचा एकच यूएएन क्रमांक देण्याची पद्धत २०१४ मध्ये आली. त्याआधी नोकरी बदललेल्या अनेकांची जुनी खाती अशीच मागे राहिली आहेत.

अडचण नेमकी कोठे होती

दिवसकार्य आटोपल्यावर पत्नी आणि मुलगा कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये गेले, तेव्हा कारकुनाने २०११ चा नामनिर्देशनाचा अर्ज काढून दाखवला. फंडाच्या या जुन्या छापील अर्जाला, म्हणजे नमुना २ ला, दोन भाग असतात. भाग अ मध्ये भविष्य निर्वाह निधीची रक्कम कोणाला आणि किती टक्के द्यावी हे लिहायचे असते. भाग ब मध्ये पेन्शन योजनेसाठी कुटुंबातील व्यक्तींचा तपशील द्यायचा असतो. या अर्जात भाग ब मध्ये पत्नी, मुलगा आणि मुलगी यांची नावे जन्मतारखांसह व्यवस्थित भरलेली होती, खाली सही होती, आणि भाग अ पूर्ण कोरा होता. कामगाराने घरी ‘तुमची नावे लावली आहेत’ असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. पण ती नावे अर्ध्याच अर्जावर होती. ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनासाठी लागणारा नमुना एफ तर फाइलमध्ये नव्हताच. ऑनलाइन ई-नॉमिनेशनही केलेले नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात धाकटा दीर गावाहून एक कागद घेऊन आला. पहिल्या कारखान्यात १९९८ साली भरलेल्या अर्जाची ती प्रत होती आणि तिच्या भाग अ मध्ये आईचे नाव शंभर टक्के हिश्श्यासह होते. सगळा पैसा आईचा, असे त्याचे म्हणणे पडले. पत्नीच्या माहेरच्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते: नवऱ्याचा पैसा बायकोचा, सासूचा त्यात काय संबंध? कारखान्याच्या अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकून सर्वांत सुरक्षित वाटणारे उत्तर दिले, की न्यायालयातून वारस दाखला आणा, मगच कागद पुढे पाठवतो.

प्रत्यक्षात तिघांचीही समजूत चुकीची होती. कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला जे मिळते ती एक रक्कम नसते. फंडाची शिल्लक, ठेव संलग्न विमा योजनेचा म्हणजे ईडीएलआयचा लाभ, दरमहाची पेन्शन आणि मालकाने द्यायची ग्रॅच्युइटी अशा चार वेगळ्या गोष्टी असतात. त्यांतील पहिल्या दोन एकाच नियमाने जातात. पेन्शनचा नियम वेगळा आणि ग्रॅच्युइटीचा त्याहून वेगळा. घरातील वाद या चार गोष्टी एकच समजल्यामुळे पेटला होता.

नियम काय सांगतात

१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद ६१ नुसार सदस्याने लग्न झाल्यावर नवे नामनिर्देशन करायचे असते आणि लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन रद्दबातल समजले जाते. १९९८ चा अर्ज त्यामुळे २००० साली, लग्नाच्या दिवशीच, निकामी झाला होता. दिराने आणलेला कागद खरा असूनही कायद्याच्या दृष्टीने त्याला किंमत नव्हती, आणि ही गोष्ट त्याला समजावून सांगणे हे या प्रकरणातील सर्वांत कठीण काम ठरले. कारण सही भावाचीच होती आणि शिक्का कंपनीचाच होता.

वैध नामनिर्देशन नसेल तर त्याच योजनेतील परिच्छेद ७० लागू होतो. फंडाची रक्कम ‘कुटुंबा’तील व्यक्तींना समान भागांत दिली जाते. पुरुष सदस्याच्या कुटुंबात पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील आणि मृत मुलाची विधवा व मुले येतात. भाऊ येत नाही. मात्र येथे एक अट आहे, जी बहुतेक कुटुंबांना धक्का देते: सज्ञान मुलगा आणि पती हयात असलेली विवाहित मुलगी यांना, कुटुंबात इतर कोणी हक्कदार असेल तर, हिस्सा मिळत नाही. विम्याच्या रकमेलाही हीच वाटणी लागते.

पेन्शनचे तसे नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत विवाहित सदस्याच्या बाबतीत नामनिर्देशनाला काही काम उरत नाही. पत्नी असेल तर विधवा पेन्शन तिला, आणि तिच्या पेन्शनच्या २५ टक्के इतकी पेन्शन प्रत्येक मुलाला, एका वेळी दोन मुलांपर्यंत, वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत मिळते. सेवेत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी हा हक्क निर्माण होतो. आईवडील या योजनेच्या ‘कुटुंबा’च्या व्याख्येत नाहीत. सदस्य अविवाहित असता आणि त्याने कोणाचेही नाव दिले नसते, तरच पेन्शन अवलंबून असलेल्या वडिलांना व त्यांच्यानंतर आईला गेली असती.

नामनिर्देशन नसेल तर ग्रॅच्युइटी, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याने, वारसांना जात असे, आणि हिंदू कुटुंबात वारस म्हणजे १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यातील पहिल्या वर्गाचे वारस. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना त्यात प्रत्येकी एक समान हिस्सा असतो. मुलाच्या वयाचा प्रश्न येत नाही. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांच्या सेवेची अटही लागत नाही.

आता हे चारही नियम या घरावर लावून पाहिले की चित्र विचित्र दिसते. २१ वर्षांच्या मुलाला फंडात आणि विम्यात शून्य, पेन्शनमध्ये २५ वर्षांचा होईपर्यंत हिस्सा, ग्रॅच्युइटीत पाव भाग. आईला फंडात आणि विम्यात एक तृतीयांश, पेन्शनमध्ये शून्य, ग्रॅच्युइटीत पाव भाग. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची सर्वांत निकडीची गरज होती तोच मोठ्या रकमांतून बाहेर होता. नियम बनवणाऱ्यांनी सज्ञान मुलगा म्हणजे कमावता मुलगा असे धरले असावे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या घरी ही समजूत टिकत नाही.

पर्यायांचा विचार

कुटुंबासमोर तीन वाटा होत्या. पहिली वाट न्यायालयाची. अधिकाऱ्याच्या सल्ल्याप्रमाणे दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा, जाहीर नोटीस द्यायची आणि दाखला हाती आल्यावर सगळे दावे एकदम दाखल करायचे. यात वेळ आणि वकिलाचा खर्च होता. शिवाय दीर हरकत घेणार हे उघड असल्याने प्रकरण लढतीचे होण्याची शक्यता होती. मुख्य म्हणजे फंड, विमा आणि पेन्शन यांसाठी ही वाट गरजेचीच नव्हती, कारण योजनेने हक्कदार कोण हे स्वतःच ठरवून दिले आहे. परिच्छेद ७० मधील कुटुंब अस्तित्वात नसते, तर कायदेशीर वारस सिद्ध करण्याचा प्रश्न आला असता.

दुसरी वाट आईच्या हक्काला आव्हान देण्याची होती. योजनेत केवळ ‘आई’ नव्हे तर ‘अवलंबून असलेली आई’ हक्कदार आहे. सासू दिराजवळ राहते, दिराला शेती आहे, मग ती मृत मुलावर अवलंबून कशी, असा मुद्दा पत्नीच्या भावाने मांडला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण कामगाराच्या बँक पासबुकात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईच्या खात्यावर गेलेल्या रकमा होत्या, आणि आईला श्रावणबाळ योजनेचे अनुदान मिळत होते, जे उत्पन्न अत्यल्प असल्याशिवाय मिळत नाही. हा मुद्दा लढवला असता तर तो बहुधा हरला असता, आणि तोपर्यंत तिघांचेही पैसे अडकून पडले असते.

तिसरी वाट आईकडून हक्कसोडपत्र किंवा ना हरकत लिहून घेण्याची. ही वाट फार जणांना सोपी वाटते. एका स्टॅम्प पेपरवर अंगठा आणि काम झाले. पण पेन्शनमधून कायमची वगळलेली, स्वतःचे उत्पन्न नसलेली सत्तरीची स्त्री आपला हिस्सा सोडून देत असेल, तर ती कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न विचारायलाच हवा. येथे दीर तसा प्रयत्न होऊ देणार नव्हता, हे आईच्या दृष्टीने बरेच झाले म्हणायचे.

घेतलेले निर्णय

पहिला निर्णय पेन्शन बाजूला काढण्याचा होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. मृत्यूनंतरच्या दाव्यांसाठी आता एकत्रित अर्ज आहे आणि कारखान्याची इच्छाही सगळे एकदाच पाठवण्याची होती. पण वाद फंडाचा होता, पेन्शनचा नव्हता. विधवा पेन्शनवर दिराचा किंवा आईचा काही दावा नाही, हे योजनेचा मजकूर पुढे ठेवून दोघांनाही समजावल्यावर, पत्नी व दोन मुलांच्या पेन्शनचा अर्ज डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्रपणे गेला. अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या अर्जाचा भरलेला भाग ब येथे कामी आला. कुटुंब कोण, याचा कामगाराच्या सहीचा पुरावा त्यात होता.

दुसरा निर्णय जुन्या सेवेचा शोध घेण्याचा. पेन्शनचे मूळ सूत्र पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे आहे. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला तेव्हाची ६,५०० रुपयांची आणि नंतरच्या सेवेला १५,००० रुपयांची वेतनमर्यादा लागते, म्हणून हिशेब सरळ गुणाकाराचा नसतो. पण ११ वर्षांची सेवा धरणे आणि २४ वर्षांची धरणे यांत पेन्शनच्या रकमेचा मोठा फरक पडतो.  दीर घेऊन आलेला १९९८ चा अर्ज नामनिर्देशन म्हणून निकामी असला तरी त्यावर जुना खाते क्रमांक होता, आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीत २००६-०७ ची फंडाची वार्षिक पावती सापडली, ज्यावर तोच क्रमांक होता. वादाचे मूळ असलेला कागद पत्नीच्या पेन्शनचा आधार झाला, आणि हे लक्षात आल्यावर दोन्ही घरांमधील बोलणे थोडे सैल झाले.

जुन्या खात्यातील जन्मतारीख मात्र नव्या खात्याशी जुळत नव्हती. शाळेच्या दाखल्यावर, गावाकडच्या असंख्य मुलांप्रमाणे, १ जून ही तारीख होती. पहिल्या कारखान्याने कोठून तरी वेगळीच लिहिली होती. शाळा सोडल्याचा दाखला जोडून ती दुरुस्ती करून घ्यावी लागली. बंद कारखान्याची सही मिळणे शक्य नव्हते, म्हणून तेथील दावा बँक व्यवस्थापकाकडून साक्षांकित करून घेतला. मालक उपलब्ध नसताना बँक व्यवस्थापक, राजपत्रित अधिकारी किंवा सरपंच यांचे साक्षांकन चालते.

तिसरा निर्णय आईला हक्कदार म्हणून आपणहून दाखवण्याचा. पत्नीने हे सहज मान्य केले नाही. तिला पटले ते सासूच्या हक्कापेक्षा एका साध्या हिशेबाने: आईचे नाव लपवले आणि दिराने कार्यालयात हरकतीचा अर्ज दिला, तर तिचा स्वतःचा आणि मुलीचाही हिस्सा अडकणार. त्यानंतर पत्नी, पत्नीमार्फत अज्ञान मुलगी, आणि आई असे तीन दावे दाखल झाले. मुलीचा हिस्सा तिच्या नावाच्या खात्यातच जावा म्हणून तिचे बँक खाते आधी उघडले.

गावाकडून तलाठ्याकडील वारस नोंदीचा फेरफार आणला होता आणि तोच वारस दाखला आहे अशी सर्वांची समजूत होती. सातबाऱ्यावरील ही नोंद जमिनीपुरती असते. फंडाच्या दाव्यात कुटुंबातील व्यक्ती कोण याला पूरक पुरावा म्हणून ती जोडली. त्यापलीकडे तिचा उपयोग झाला नाही.

ग्रॅच्युइटीसाठी कारखाना न्यायालयीन दाखल्यावर अडून बसला होता. चारही वारसांनी वारसांसाठीच्या नमुना के मध्ये एकाच वेळी अर्ज देऊन, आपल्याशिवाय दुसरा वारस नाही आणि समान वाटणी मान्य आहे, असे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर मालकाची भीती गेली. अज्ञान वारसाचा हिस्सा ग्रॅच्युइटी कायद्याखालील सरकारी नियंत्रक अधिकाऱ्याकडे जमा करावा लागे, ही तरतूद त्यांच्या नजरेस आणून दिल्यावर उरलेला आक्षेपही मिटला.

निष्पत्ती

पेन्शनचा आदेश मार्च २०२३ मध्ये निघाला आणि पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मागील थकबाकीसह मिळाली. दोन्ही सेवा जोडल्यामुळे पत्नीची पेन्शन दरमहा साडेतीन हजारांच्या आसपास बसली, आणि दोन्ही मुलांना त्याच्या पाव पाव. रक्कम घर चालवण्याएवढी नाही. पण वादाच्या महिन्यांत नियमित आलेला पैसा तेवढाच होता.

चाकणच्या खात्यातील सुमारे ३ लाख ९० हजार आणि पिंपरीच्या जुन्या खात्यातील सुमारे अडीच लाख, अशी फंडाची रक्कम जुलै २०२३ मध्ये तीन समान भागांत जमा झाली. विम्याचा लाभ कमाल मर्यादेपर्यंत पोचला: १५,००० च्या मर्यादेतील सरासरी वेतनाच्या ३५ पट म्हणजे ५ लाख २५ हजार, आणि खात्यातील सरासरी शिल्लकीच्या निम्मे, कमाल १ लाख ७५ हजार, मिळून ७ लाख. त्याचेही तीन भाग झाले. ग्रॅच्युइटी अखेरच्या १८,००० रुपये वेतनावर ११ वर्षांची, १५ भागिले २६ या सूत्राने, १,१४,२३१ रुपये झाली आणि चौघांत वाटली गेली.

मुलाच्या शुल्काचा प्रश्न नियमांनी सुटला नाही. आईने आपल्या हिश्श्यातून त्याचे शेवटच्या वर्षाचे शुल्क भरले. हे तिने पैसे स्वतःच्या खात्यात आल्यानंतर, स्वतःहून केले. हक्कसोडपत्र लिहून घेतले असते तर पैसा त्याच कामी लागला असता, असे कोणी म्हणेल. पण मग तो तिने दिलेला नसता, तिच्याकडून घेतलेला असता.

वेगळे काय करता आले असते

कारखान्याने २०११ मध्ये अर्धा कोरा अर्ज स्वीकारायलाच नको होता, हे उघड आहे. त्याहून मोठी चूक मृत्यूनंतरची होती: कोणत्या रकमेला कोणता कागद लागतो हे न पाहता सरसकट वारस दाखला मागणे. हा सल्ला मानला असता तर पेन्शनसुद्धा न्यायालयाच्या तारखांमागे फिरत राहिली असती. वास्तविक दावा परिपूर्ण असेल तर फंड कार्यालयाने तो २० दिवसांत निकाली काढायचा असतो. येथे वेळ गेला तो जन्मतारखेची दुरुस्ती, जुने खाते आणि घरातील वाद यांत. खाते वर्ग करणे आणि जन्मतारीख जुळवणे ही दोन कामे कामगाराने हयातीत, यूएएन मिळाल्यावर केली असती, तर त्यातला बराच भाग वाचला असता.

नामनिर्देशन केले असते तर काय झाले असते, याचे उत्तर मात्र सरळ नाही. त्याने भाग अ मध्ये फक्त पत्नीचे नाव लिहिले असते, तर फंड आणि विमा बिनवादात तिच्या खात्यात आला असता आणि आईच्या हाती ग्रॅच्युइटीच्या चौथ्या भागाशिवाय काही पडले नसते. पुढे आई न्यायालयात गेली असती तर? सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीविषयीच्या शिप्रा सेनगुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले, की नामनिर्देशनामुळे रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी नव्हे. तेथे नामनिर्देशन आईचे होते आणि हिस्सा मागणारी विधवा होती. म्हणजे एकच नाव लिहून वाद मिटतोच असे नाही, तो पुढे ढकलला जातो. अर्जात टक्केवारीचा रकाना आहे तो याचसाठी. पत्नी, मुले आणि आई यांच्यात त्याला हवी तशी वाटणी तो करू शकला असता, सज्ञान होऊ घातलेल्या मुलाचे नावही त्यात घालू शकला असता, कारण सज्ञान मुलाला वगळणारी अट फक्त नामनिर्देशन नसतानाच लागते.

मुलाची पेन्शन २०२६ मध्ये, तो २५ वर्षांचा झाल्यावर, थांबेल. मुलीची २०३२ पर्यंत चालेल. पत्नीची पेन्शन हयातभर आहे, पुनर्विवाह केला तर मात्र ती बंद होते. नियंत्रक अधिकाऱ्याकडे ठेवलेला ग्रॅच्युइटीचा हिस्सा मुलीला सज्ञान झाल्यावर व्याजासह घ्यायचा आहे, आणि त्या ठेवीची पावती तिच्या आईने मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवली आहे.